खिशातल्या वेलचीआधी जीभ: तोंडाचा वास मुळापासून घालवताना

ज्याच्या तोंडाला वास येतो त्याला ते सर्वांत शेवटी कळतं. समोरचा अर्धं पाऊल मागे सरकतो, बोलताना मान जराशी वळवतो, पण सांगत कोणी नाही. आपलं नाक आपल्याच तोंडाच्या वासाला इतकं सरावलेलं असतं की त्याची दखल घेणं त्याने केव्हाच सोडून दिलेलं असतं. मी स्वतः कित्येक वर्षं खिशात वेलचीची पुडी बाळगून निर्धास्त होतो. एकदा दात तपासायला गेलो असताना डॉक्टरांनी जिभेच्या पार मागच्या भागावरून एक छोटा चमचा फिरवला आणि काही न बोलता माझ्या नाकासमोर धरला. त्या दिवसापासून पुडी खिशात गेली नाही.

तेव्हा लक्षात आलं की वास झाकणं वेगळं आणि वास तयारच होऊ न देणं वेगळं. घरगुती उपायांच्या बहुतेक याद्या झाकण्याच्याच असतात: हे चघळा, ते तोंडात ठेवा, याच्या गुळण्या करा. त्यातलं काही खरंच उपयोगी आहे, पण त्याचा नंबर तिसरा. आधी साफ, मग ओलं, मग सुगंध. हा क्रम उलटा केला की सगळी मेहनत वाया जाते, म्हणून हा लेखही त्याच क्रमाने लिहिला आहे.

वास नेमका कशाचा

तोंडात शेकडो प्रकारचे जीवाणू कायम वस्तीला असतात. त्यातल्या काहींना हवा सोसत नाही, म्हणून ते हवा पोहोचत नाही अशा कोपऱ्यांत राहतात: जिभेच्या मागच्या भागावरच्या थरात, दोन दातांच्या फटीत, हिरडी आणि दात यांच्यामधल्या खाचेत, कवळीखाली, नीट न बसलेल्या कॅपच्या कडेला. अन्नाचे कण, गळून पडलेल्या पेशी, नाकातून घशात उतरणारा शेंबूड यांतली प्रथिनं हे त्यांचं खाणं. त्या प्रथिनांतल्या गंधकयुक्त भागांची मोडतोड झाली की वायू सुटतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, मिथाइल मरकॅप्टनला सडलेल्या कोबीचा. हे वायू इतके तीव्र असतात की अगदी किंचित प्रमाणातही नाकाला कळतात.

‘पोट साफ नाही म्हणून तोंडाला वास येतो’ हे आपण सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. पण दहापैकी आठ-नऊ जणांच्या बाबतीत वासाचा उगम तोंडातच सापडतो. अन्ननलिका काही उघड्या धुराड्यासारखी नसते. एरवी ती मिटलेली असते, ढेकर आली किंवा आम्लपित्त वर आलं तरच उघडते. त्यामुळे वासासाठी रेचकं घेत बसण्यात अर्थ नाही.

दुसरी महत्त्वाची गोष्ट लाळ. दिवसभरात साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते आणि तोंड सतत धुतलं जातं. झोपेत हा नळ जवळपास बंद होतो. सकाळी उठल्यावर तोंडाला येणारा वास त्यामुळेच असतो. तो सगळ्यांना येतो, तो आजार नाही. दात घासून आणि काही खाऊन झाल्यावरही तो टिकत असेल, तर मात्र पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आधी तपासा: वास खरंच येतो का?

हाताची ओंजळ करून त्यात फुंकर मारायची आणि हुंगायचं, ही पद्धत निरुपयोगी आहे. फुंकर ओठांजवळून निघते, वास असतो मागे. त्याऐवजी हे तीन प्रयोग करून बघा. त्या दिवशी कांदा-लसूण खाल्लेला नसावा आणि नुकतेच दात घासलेले नसावेत, नाहीतर खरं चित्र दिसणार नाही.

एक, मनगटाची आतली बाजू जिभेच्या मागच्या भागाने जितकी जमेल तितकी चाटा, आठ-दहा सेकंद वाळू द्या आणि हुंगा. टोकाने चाटू नका, टोक बहुधा स्वच्छच असतं.

दोन, चमचा उलटा धरून जिभेच्या मागच्या भागावरून हलकेच पुढे ओढा. त्यावर काय येतं, पांढरट की पिवळट, ते बघा आणि वास घ्या.

तीन, मागच्या दाढांच्या फटींतून फ्लॉसचा दोरा फिरवून तो हुंगा. एखाद्याच फटीतून घाण वास येत असेल तर तिथे कीड, अडकलेलं अन्न किंवा हिरडीचा त्रास असण्याची शक्यता आहे.

चौथा आणि सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे विश्वासातल्या माणसाला सरळ विचारणं. अवघड वाटतं, पण एका वाक्यात काम होतं. हे विचारणं आणखी एका कारणासाठी गरजेचं आहे. काही लोकांना वास मुळीच येत नसतो, तरी आपल्याला येतो अशी धास्ती मनात घर करून बसलेली असते. ते दिवसातून सहा वेळा ब्रश करतात, तोंडावर हात ठेवून बोलतात, लोकांत मिसळणं टाळतात. घरच्यांनी आणि दातांच्या डॉक्टरांनी ‘वास नाही’ असं सांगूनही ही भीती जात नसेल, तर उपचार त्या भीतीवर हवेत, तोंडावर नाही. त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची मदत घेण्यात कमीपणा काहीच नाही.

जीभ: सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो

एकच सवय लावायची असेल तर ही लावा. जीभ आरशात गुळगुळीत दिसते, पण जवळून पाहिली तर ती जाड लोकरीच्या सतरंजीसारखी असते. बारीक बारीक उंचवटे आणि त्यांच्यामध्ये खोल फटी. पुढचा भाग बोलताना-खाताना टाळूवर आणि दातांवर घासून आपोआप साफ होतो. मागच्या भागाला असं काही घासत नाही, म्हणून थर तिथेच साचतो.

टंग क्लीनर धातूचा असो की प्लास्टिकचा, फारसा फरक पडत नाही. कडा गुळगुळीत हव्यात आणि रोज धुऊन वाळवता यायला हवा. ब्रशनेही जीभ साफ होते, पण ब्रश थर इकडून तिकडे पसरवतो, क्लीनर तो ओढून बाहेर काढतो. पद्धत अशी:

१. सकाळी, काही खाण्यापूर्वी करा. पोट रिकामं असेल तर उबळ आली तरी त्रास कमी होतो.

२. जीभ पूर्ण बाहेर काढा. निसटत असेल तर टोक स्वच्छ रुमालाने धरा.

३. क्लीनर जितका मागे नेता येईल तितका न्या आणि एका दिशेने, मागून पुढे, हलक्या हाताने ओढा. पुढून मागे ढकलू नका.

४. प्रत्येक वेळी क्लीनर पाण्याखाली धुवा. असं चार-पाच वेळा केलं की पुरे. दोन्ही कडांवरूनही एकदा फिरवा.

५. शेवटी चूळ भरा.

बहुतेकजण उबळ येते म्हणून ही सवय सोडतात. त्यावर दोन गोष्टी कामी येतात. क्लीनर ओढताना हळूहळू श्वास सोडत राहा, आत घेऊ नका. आणि पहिल्याच दिवशी घशापर्यंत जाण्याचा हट्ट धरू नका. पहिले तीन-चार दिवस जिभेच्या मध्यापासून सुरुवात करा, मग रोज थोडं थोडं मागे सरका. आठ-दहा दिवसांत घसा सरावतो.

जोर मात्र लावायचा नाही. जीभ चुरचुरली किंवा रक्त आलं तर हात जड पडतोय असं समजा. आणखी एक: जिभेच्या अगदी मागे मोठे गोल उंचवटे एका ओळीत, उलट्या बाणासारखे दिसतात. पहिल्यांदा पाहिले की माणूस घाबरतो आणि ते खरवडून काढायला जातो. ते सगळ्यांनाच असतात, त्यांना हात लावू नका.

जिभेवरचा थर एक-दोन दिवसांत पुन्हा धरतो. त्यामुळे आठवड्यातून एकदा जोर लावून घासण्यापेक्षा रोजची अर्ध्या मिनिटाची साफसफाई बरी.

फटी

ब्रशचे केस दाताच्या समोरच्या, मागच्या आणि चावण्याच्या पृष्ठभागावर पोहोचतात. दोन दातांच्या मधल्या बाजू राहूनच जातात, आणि तिथे अडकलेलं अन्न रात्रभर कुजत राहतं.

साधारण ४०-४५ सेंटीमीटर फ्लॉस घ्या, त्याची टोकं दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि अंगठा व तर्जनीत दोन-तीन सेंटीमीटरचा ताणलेला तुकडा धरा. फटीत तो करवतीसारखा पुढे-मागे करत उतरवा, खटकन खाली दाबू नका, हिरडी कापली जाते. खाली पोहोचल्यावर दोरा एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवा, हिरडीच्या कडेखाली अलगद सरकवा आणि वर-खाली घासा. मग शेजारच्या दाताला तसंच. प्रत्येक फटीसाठी दोऱ्याचा नवा भाग वापरा. फटी मोठ्या असतील, ब्रिज (पडलेल्या दाताच्या जागी शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला पक्का दात) किंवा तारा लावल्या असतील, तर बाटली धुण्याच्या ब्रशसारखे दिसणारे छोटे इंटरडेंटल ब्रश जास्त सोयीचे पडतात. जोर न लावता आत जाईल तोच आकार निवडा.

सुरुवातीला रक्त येतं आणि लोक तिथेच थांबतात. खरं तर रक्त येणं हे हिरडी सुजल्याचं लक्षण आहे आणि ती सुजली आहे ती फटी साफ न झाल्यामुळेच. हलक्या हाताने रोज चालू ठेवा. दोन आठवड्यांनंतरही रक्त थांबलं नाही, तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा. दातांवर कीटण चढलं असेल तर ते घरी कशानेही निघत नाही, त्यासाठी क्लीनिंग करून घ्यावंच लागतं. टाचणी किंवा सुईने ते काढायला जाऊ नका.

ब्रश आणि कवळी

याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, म्हणून थोडक्यात. मऊ केसांचा ब्रश, फ्लोराइडची टूथपेस्ट, दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं. ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत तिरका धरा. घासून झाल्यावर फेस थुंका, पण लगेच भरपूर पाण्याने चुळा भरू नका, नाहीतर फ्लोराइड धुऊन जातं. ब्रश साधारण तीन महिन्यांनी, किंवा केस पसरले की त्याआधीच बदला. दोन्हीपैकी एक वेळ चुकणार असेलच तर ती सकाळची चुको. रात्री लाळ आटते आणि तोंडात राहिलेलं सगळं सहा-सात तास तसंच कुजत पडतं. म्हणून झोपण्याआधीचं ब्रशिंग सोडू नका.

कवळी रात्री काढून ठेवा. मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने घासा, कारण टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. स्वच्छ साध्या पाण्यात बुडवून ठेवा. उकळत्या पाण्यात टाकली तर ती वाकडी होते. कवळी वापरणाऱ्यांनीही जीभ आणि हिरड्या साफ करायच्या असतात, हे बऱ्याचदा विसरलं जातं.

कोरडं तोंड

जीभ आणि फटी साफ करूनही वास येत असेल, तर मी पहिला संशय कोरडेपणावर घेतो. जिथे लाळ नाही तिथे जीवाणूंना रान मोकळं.

पाणी एकदम ढसाढसा पिण्यापेक्षा दिवसभर घोट-घोट प्या. बैठकीत किंवा वर्गात तास-दीड तास सतत बोलणाऱ्यांच्या तोंडाला दुपारपर्यंत वास येऊ लागतो, त्याचं कारण हेच. मध्ये दोन घोट पाणी घेऊन ते तोंडात घोळवायचं, हा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित उपाय आहे. कॉफी तोंड कोरडं करते आणि वर स्वतःचा वासही सोडते, म्हणून कॉफीनंतर साध्या पाण्याची चूळ. मद्यानेही तोंड सुकतं. तंबाखू आणि सिगारेट तर वासही देतात, लाळही कमी करतात आणि हिरड्यांचीही वाट लावतात. ते चालू ठेवून बाकी सगळं करणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

झोपेत तोंड उघडं राहतं का, ते घरच्यांना विचारा. सकाळी ओठ आणि घसा सुकलेला असेल, उशीवर लाळेचा डाग असेल, घोरण्याची सवय असेल, तर श्वास तोंडाने चालतो असं समजायला हरकत नाही. नाक सतत चोंदतं का, हे आधी बघा. झोपण्यापूर्वी सलाइनच्या फवाऱ्याने नाक मोकळं केलं तर पुष्कळांना फरक पडतो. तोंडाला चिकटपट्टी लावून झोपण्याचा प्रकार हल्ली बराच ऐकू येतो. नाक चोंदलेलं असेल किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल तर तो धोक्याचा आहे, त्या वाटेला जाऊ नका. जोरजोरात घोरणं आणि दिवसा सतत पेंग येणं असेल तर डॉक्टरांना भेटा.

औषधांकडेही बघा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तोंड कोरडं करतात. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. काही वेळा पर्याय असतो.

फार वेळ उपाशी राहिल्यावर, किंवा आहारातली पिष्टमय पदार्थांची मात्रा एकदम कमी केल्यावर, श्वासाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडसर वास येऊ लागतो. शरीर चरबी जाळायला लागलं की ॲसिटोन तयार होतं आणि ते फुफ्फुसांतून बाहेर पडतं. हा वास ब्रशने जात नाही. थोडं खाल्लं की आपोआप कमी होतो.

स्वयंपाकघरातले उपाय: काय घ्यायचं, काय सोडायचं

आता येतो त्या यादीचा नंबर. इथे मी प्रत्येक गोष्टीबद्दल माझं मत देतो आहे, कारण ‘सगळंच चांगलं’ असं म्हणणारी यादी कोणाच्याच उपयोगाची नसते.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या: एक ग्लास कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, तीस सेकंद तोंडात घोळवून आणि घशात गुळगुळ करून थुंकून टाकायचं. हिरडी सुजली असेल, घसा खवखवत असेल, दात काढून एक दिवस उलटला असेल, तेव्हा याचा आराम खरा असतो. मुळातला थर मात्र यानं निघत नाही.

खायचा सोडा: अर्धा चमचा एक ग्लास पाण्यात विरघळवून चूळ भरायची. तोंडातलं आम्ल मावळतं. आम्लपित्तामुळे तोंड आंबट होणाऱ्यांना हा उपाय विशेष आवडतो. कोरडा सोडा रोज दातांवर घासू नका. आणि खायचा सोडा व बेकिंग पावडर एकच समजू नका.

बडीशेप आणि वेलची: यांचं निम्मं काम सुगंध करतो आणि निम्मं काम चघळणं. चघळलं की लाळ सुटते. जेवणानंतर अर्धा चमचा साधी बडीशेप उत्तम. साखरेचं रंगीत आवरण असलेली घेतली तर उलट जीवाणूंचीच सोय होते. असर अर्धा-पाऊण तासाचा, त्याहून जास्तीची अपेक्षा नको.

लवंग: तिच्यातल्या युजेनॉलमध्ये जीवाणूंना रोखण्याचा गुण आहे. एखादी लवंग तोंडात धरणं ठीक. लवंगेचं तेल मात्र पातळ न करता हिरडीवर लावलं तर भाजल्यासारखी जखम होते, आणि लहान मुलांच्या तोंडात ते अजिबात घालू नये. दाढ दुखते म्हणून रोज लवंग धरावी लागत असेल तर वासाचा प्रश्न बाजूला ठेवा आणि दाढ दाखवा.

ग्रीन टी: बिनसाखरेचा. त्यातली पॉलिफेनॉल गंधकाचे वायू काही काळ आवळून धरतात. छान, पण तात्पुरतं.

दही: साखर न घातलेलं साधं दही नियमित खाणाऱ्यांच्या तोंडातला हायड्रोजन सल्फाइड कमी झाल्याचं काही छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. मोठा पुरावा नाही, पण खायला तोटाही नाही.

बिनसाखरेचं च्युइंगगम: घरगुती म्हणता येणार नाही, तरी प्रवासात याच्याइतकं सोपं काही नाही. झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असलेलं चांगलं, कारण जीवाणूंना ते पचत नाही. घरात कुत्रा असेल तर पाकीट त्याच्या तोंडी लागणार नाही असं ठेवा, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.

तेलाची गुळणी: एक चमचा खोबरेल किंवा तिळाचं तेल दहा-पंधरा मिनिटं तोंडात घोळवायचं. काही लहान चाचण्यांत वास आणि दातांवरचा थर कमी झाल्याचं आढळलं, पण शरीरातली विषं बाहेर काढण्याच्या गोष्टींना आधार नाही. वेळ असेल आणि आवडत असेल तर करा, मात्र ब्रशच्या ऐवजी नाही. तेल गिळू नका, बेसिनमध्येही थुंकू नका, नाहीतर नळी तुंबेल. लहान मुलांना आणि गिळायला त्रास असणाऱ्या वृद्धांना हे देऊ नका, तेल श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला इजा होते.

लिंबू आणि व्हिनेगर: यांना माझा स्पष्ट नकार. आम्लता मोजायच्या मापावर (आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेलं की दाताचं आवरण विरघळू लागतं, आणि लिंबाचा रस २ ते २.५ च्या आसपास असतो. लिंबू घासल्याने काही मिनिटं ताजंतवानं वाटतं, पण झिजलेलं आवरण पुन्हा उगवत नाही. आंबट खाल्लं-प्यायलं तरी लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास थांबा. कोळशाची पूड आवरण खरवडते, तीही नकोच.

माउथवॉश: लिस्टरीन १८७९ साली शस्त्रक्रियेसाठी जंतुनाशक म्हणून तयार झालं होतं, जंतुनाशक शस्त्रक्रियेचा पुरस्कार करणारे जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याला नाव मिळालं. पुढे १९२०च्या दशकातल्या जाहिरातींनी ‘हॅलिटोसिस’ हा भारदस्त शब्द घरोघरी पोहोचवला आणि तोंडाचा वास हा बाटलीने सुटणारा प्रश्न आहे असं लोकांच्या मनात पक्कं बसलं. ते अजून निघालेलं नाही. माउथवॉश वापरायचाच असेल तर अल्कोहोल नसलेला घ्या. झिंक असलेले वासाच्या वायूंना बांधून ठेवतात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचा माउथवॉश डॉक्टरांनी सांगितला तर आणि सांगितले तितकेच दिवस, कारण जास्त वापरला तर दातांवर तपकिरी डाग पडतात आणि चव बिघडते.

लसणाची गोष्ट वेगळी

लसूण खाल्ल्यावर दात घासले, जीभ घासली, चुळा भरल्या, तरी वास राहतोच. कारण तोपर्यंत तो तोंडात राहिलेलाच नसतो. लसणातलं ॲलिल मिथाइल सल्फाइड आतड्यांतून रक्तात शिरतं आणि फुफ्फुसांतून श्वासावाटे बाहेर पडत राहतं, कधीकधी दुसऱ्या दिवसापर्यंत. म्हणून उपाय जेवणानंतर नाही, जेवतानाच करायचा. कच्चं सफरचंद आणि पुदिन्याची पानं यांतले घटक लसणाच्या वायूंना पकडतात. दूध आणि दही यांतली चरबी आणि प्रथिनंही तेच करतात, त्यातही सायीचं दूध साय काढलेल्यापेक्षा सरस ठरतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाखत असेल तर आदल्या रात्री कच्चा लसूण टाळणं, याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

दोन आठवड्यांचा प्रयोग

सगळं एकाच दिवशी सुरू केलं तर चौथ्या दिवशी सगळंच सुटतं. पहिल्या दिवशी चमच्याची आणि फ्लॉसची चाचणी करून, विश्वासातल्या माणसाला विचारून काय आढळलं ते लिहून ठेवा. पहिले चार दिवस फक्त सकाळी जीभ आणि रात्री ब्रश. पाचव्या दिवसापासून रात्रीच्या ब्रशआधी फ्लॉस. आठव्यापासून बोलण्याच्या कामात दर अर्ध्या तासाला दोन घोट पाणी, आणि झोपण्याआधी नाक मोकळं करणं. बडीशेप, ग्रीन टी हवं तेव्हा. चौदाव्या दिवशी पुन्हा त्याच वेळी तीच चाचणी करा आणि पहिल्या दिवशी ज्याला विचारलं होतं त्यालाच पुन्हा विचारा.

फरक पडला नाही तर घरगुती उपायांची यादी वाढवू नका, दातांच्या डॉक्टरांकडे जा. हलणारे दात, हिरडीतून पू, रक्त, किडलेली दाढ, जुन्या कॅपखालून येणारा वास हे सगळं त्यांच्याच हातचं आहे. दात ठीक निघाले तर पुढचा नंबर नाक-कान-घशाचा. टॉन्सिलच्या खळग्यांत कधीकधी पांढरट, तांदळाच्या कणीएवढे खडे होतात आणि खोकताना बाहेर पडतात. आकाराच्या मानाने त्यांचा वास भयंकर असतो. सायनसचा त्रास असेल तर घशात उतरणारा शेंबूड वासाला खतपाणी घालतो. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा स्राव येत असेल, तर बहुतेक वेळा त्याने मणी, शेंगदाणा किंवा स्पंजचा तुकडा नाकात घातलेला असतो. तो घरी काढू नका, आणखी आत सरकतो.

काही वास मात्र थांबून बघण्यासारखे नसतात. मधुमेह असलेल्या माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोड वास येत असेल, आणि सोबत उलट्या, जोरजोरात श्वास, अतिशय तहान किंवा गुंगी असेल, तर लगेच रुग्णालय गाठा. श्वासाला अमोनियासारखा उग्र वास मूत्रपिंडाच्या, आणि कुबट गोडसर वास यकृताच्या गंभीर आजारात येतो. अशा रुग्णांना सहसा इतर लक्षणंही असतात. तोंडातला व्रण तीन आठवड्यांत भरला नाही, तर वास असो-नसो, दाखवून घ्या.

आणि दुसऱ्याच्या तोंडाला वास येत असेल तर?

सांगायचं तर एकांतात, चेष्टा न करता, आणि माणसाबद्दल नाही तर वासाबद्दल. ‘तुझ्या तोंडाला वास येतो’ यापेक्षा ‘दोन-तीन दिवस जरा वास जाणवतोय, दाढेला काही झालंय का बघून घे’ हे ऐकणाऱ्याला पेलतं. पुढे दोनच मिनिटं विषयावर बोला आणि मग दुसरं काहीतरी काढा. तो माणूस त्या दिवशी थोडा गप्प राहील. दोन आठवड्यांनी तो स्वतःहून ‘आता येतो का?’ असं विचारेल, तेव्हा खरं ते सांगा.